सफारीचा बेत आणि मसाईंची जमीन

आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता नोकरीसाठी नैरोबी, कंपाला, दार-ए-सलामपर्यंत पोहोचली आहेत. कोणी कारखान्यात सुपरवायझर, कोणी हिशेबनीस, कोणी कॉम्प्युटरच्या कामावर. तिकडे जरा स्थिरस्थावर झाली की ती आईवडिलांना बोलावून घेतात आणि मग सिंह-हत्ती दाखवण्याचा बेत ठरतो. ज्या बापाने उभा जन्म गिरणीत रात्रपाळी केली, त्याने छत उघडणाऱ्या जीपमध्ये उभे राहून जंगल का पाहू नये? जरूर पाहावे. फक्त निघण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असाव्यात, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी पैशाचे. केनियातील मसाई मारा अभयारण्यात परदेशी प्रौढ माणसाला जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला 200 डॉलर प्रवेश फी आहे. जानेवारी ते जून 100 डॉलर. 200 डॉलर म्हणजे 17 हजार रुपयांच्या वर, तेही एका माणसाचे, एका दिवसाचे. यात गाडी, ड्रायव्हर, मुक्काम काहीच धरलेले नाही. मुलाकडे तिथल्या रहिवासाचा परवाना असेल तर त्याला दर कमी पडतो, पण पाहुण्या आईवडिलांना ती सवलत नाही. कर्ज काढून माराला जाऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. नैरोबी शहराला अगदी लागून 1946 सालचे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्र 117 चौरस किलोमीटर. सिंह, गेंडे, जिराफ, झेब्रे तेथे अर्ध्या दिवसात पाहता येतात. हत्ती मात्र तेथे नाहीत.

दुसरे, हंगामाचे. आपली मुलांची सुट्टी मे महिन्यात, आणि तिकडे मार्च ते मे मोठा पाऊस. वाटा चिखलाच्या, गवत उंच, जनावर दिसायला कठीण. वाइल्डबीस्ट नावाचा, गाईच्या तोंडवळ्याचा पण हरणाच्या कुळातला प्राणी तेरा लाखांच्या संख्येने वर्षभर गोल फिरत असतो. जानेवारी ते मार्च हे कळप टांझानियातील सेरेंगेटीच्या दक्षिणेला वितात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर मारा नदी ओलांडून केनियाच्या बाजूला चरतात. दिवाळी लवकर आली तर ती सुट्टी साधते.

आता मुख्य गोष्ट. या कळपांच्या फोटोंत कोठेही माणूस दिसत नाही. तो नव्हता असे नाही, तो हलवला गेला. सेरेंगेटीच्या माळावर मसाई लोक गुरे चारत होते. इंग्रज सरकारने 1958 साली त्यांच्या काही वडीलधाऱ्यांकडून करार करून घेतला आणि 1959 साली त्यांना शेजारच्या ङोरोंगोरोला पाठवले. तेथे तुम्हाला राहू देऊ, हे आश्वासन होते. (त्याच 1959 साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड इकडे भूमिहीनांना घेऊन सत्याग्रहाला उतरले होते. ज्याच्याकडे जमिनीचा कागद नाही त्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच.) पुढे 2022 पासून ङोरोंगोरोतूनही मसाई कुटुंबांना सुमारे 600 किलोमीटर दूर म्सोमेरा गावी नेणे सुरू झाले. सरकार म्हणते, माणसे 8 हजारांवरून लाखापर्यंत गेली, प्राण्यांना जागा उरली नाही. पण त्याच 2022 च्या जूनमध्ये लोलिओंडोत 1,500 चौरस किलोमीटरच्या हद्दीचे खांब बंदोबस्तात रोवले गेले, गोळ्या चालल्या, एक पोलीसही मेला, आणि कितीतरी कुटुंबे सीमा ओलांडून केनियात पळाली. त्या भागात 1992 पासून अरबस्तानातील श्रीमंतांच्या शिकारीचा परवाना आहे. गुरे चारणारा जंगलाचा शत्रू आणि बंदूकवाला पाहुणा जंगलाचा मित्र, हा हिशेब आमच्या डोक्यात उतरत नाही. केनियाने शिकार 1977 सालीच बंद केली. पहिले शील पाळणाऱ्याला तेवढ्यावरूनही केनिया जवळचा वाटावा.

खरे तर गुरे आणि रानजनावरे यांचे वैर असतेच असे नाही. 1890 च्या सुमारास बुळकांडीच्या साथीने मसाईंची गुरे मेली, माणसे उपाशी मेली आणि रानातली जनावरेही मेली. गुरांना लस टोचून रोग आटोक्यात आल्यावर वाइल्डबीस्टची संख्या 1960 च्या सुमाराच्या अडीच लाखांवरून पंधरा-वीस वर्षांत 13 लाखांवर गेली.

म्हणून मुक्काम ठरवताना एजंटाला विचारावे की जागा कोणाची आणि भाडे कोणाला मिळते. मारा अभयारण्याच्या भोवती मसाई कुटुंबांनी आपली जमीन एकत्र करून राखीव रान म्हणून भाड्याने दिलेली क्षेत्रे आहेत. 2010 सालचे मारा नाबोइशो त्यांपैकीच एक. तेथे जमीनमालकाला ठरलेले भाडे मिळते. ही ठिकाणे महाग आहेत, हे कबूल. न परवडल्यास निदान ड्रायव्हर आणि वाटाड्या त्याच भागातला मागावा.

प्रकृतीचे थोडक्यात. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्यापूर्वी किमान 10 दिवस घ्यावी. केनिया-युगांडाहून परतताना दाखला नसेल तर आपल्याच विमानतळावरून 6 दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नये. मलेरियाच्या गोळ्याही विचारून घ्याव्यात. चपात्या-चिवडा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नये. केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून त्यांना बंदी आहे. आणि आणखी एक. त्सेत्से नावाची चावरी माशी गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे धावते. तिला पकडण्याचे सापळेदेखील निळ्या कापडाचे करतात. निळा रंग आपल्या जिवाचा खरा, पण तेवढे दोन दिवस मातकट कपडे घालावेत आणि निळी साडी दीक्षाभूमीसाठी जपून ठेवावी.

ड्रायव्हर बहुधा मसाई वस्ती दाखवायला नेईल. पैसे घेऊन धारावीच्या गल्ल्यांतून परदेशी पाहुणे कसे फिरवले जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा विचारल्याशिवाय फोटो काढू नये, पोरांना चॉकलेटे फेकू नयेत. मण्यांची माळ आवडली तर ती ओवणाऱ्या बाईकडूनच घ्यावी आणि पैसे तिच्याच हातात द्यावेत.