फरशीचा काय दोष?

गावाकडे कुणी घराचं काम काढलं की पहिली कुऱ्हाड पडते ती अंगणातल्या शहाबादी फरशीवर! 'जुनाट दिसते', 'हलते', 'शेवाळ धरते' असे आरोप ठेवायचे, तिला उखडायचं आणि तिथे चकचकीत टाइल्स बसवायच्या. माझं स्पष्ट मत आहे, की या खटल्यात आरोपी चुकीचा धरला जातोय.

शहाबादी म्हणजे चुनखडक. नाव पडलं कर्नाटकातल्या शहाबादवरून. हा खडक थराथरांनी बनलेला, म्हणून त्याच्या सपाट लाद्या निघतात. न घोटलेल्या लादीवर ओल्या पायालाही पकड मिळते. चकचकीत टाइलवर पाणी सांडलं की काय होतं, ते सांगायला नकोच!

मग फरशी हलते का? कारण खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. सिव्हिलवाल्यांनी फ्री स्वेल टेस्ट जर्नलमध्ये उतरवली असेलच (कुणाची बघून, ते विचारत नाही). अशा मातीवर फरशी बसवा नाहीतर टाइल, ती हलणारच. काळी माती निदान वीतभर तरी काढायची, खोल असेल तर आणखी. मग मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा. खरा खर्च इथे करायचा असतो, पण तो दिसत नाही म्हणून नेमका इथेच वाचवला जातो!

दुसरा मुद्दा उताराचा. 80 ला 1, म्हणजे दहा फुटांमागे दीड इंच, आणि तोही घरापासून बाहेरच्या बाजूला. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतली आणि दोरी बांधली की काम झालं.

तिसरा मुद्दा मालाचा. काही ठिकाणी लादीच्या चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून वर फरशी दाबतात. मध्ये पोकळ! वरून मोटारसायकल गेली की कडकन तडा. माल लादीखाली पूर्ण पसरलेला हवा. बसवल्यावर थापीच्या मुठीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर लादी तिथल्या तिथे उचलायला लावा. सांधेही नीट भरून घ्या, नाहीतर मुंग्या खालची वाळू उपसून बाहेर आणतात.

हा विषय माझ्या एवढा जिव्हाळ्याचा का? गेल्या पावसाळ्यात आजी अंगणात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. घरात सगळे म्हणाले, फरशी काढा. गवंडीकाका आले, त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. पाणी वाहत गेलं आणि आजी पडली होती बरोबर तिथेच साचलं. काका वडिलांना म्हणाले, "दादा, दगड कशाला बदलताय? पाण्याला वाट द्या." तेवढ्या लाद्या उचलून पुन्हा उतारात बसवल्या, आणि गुळगुळीत झालेल्या लाद्यांना पाट्याला लावतात तशी टाकी लावून घेतली.

आता देखभाल. डाग काढायला अॅसिड अजिबात नको! बारावीची केमिस्ट्री आठवा : कॅल्शियम कार्बोनेटवर हायड्रोक्लोरिक अॅसिड पडलं की फेस येतो. तो फेस म्हणजे तुमची फरशीच विरघळत असते. पन्हाळीचं पाणी थेट फरशीवर पडू देऊ नका. शेवाळासाठी पाणी, कडक ब्रश आणि घाम पुरे.

आणि हो, घामाचाच प्रश्न खरा अवघड आहे. टाइल पुसायला सोपी हे मला मान्य आहे. पावसाळ्यात फरशी दर आठवड्याला घासावी लागते. घासणार कोण? बहुतेक घरांत उत्तर एकच : आई. दगडाचं कौतुक आपण करायचं आणि कंबर तिची मोडायची, हा न्याय नाही. म्हणून फरशी राखा म्हणणाऱ्याने आधी हातात ब्रश घ्यावा.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की अंगणात एक बादली पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. फरशी उखडायची की नाही, ते त्यानंतर ठरवा!