पलीकडचा पैसा, आपले वावर

हवामान बदलाचा विषय निघाला की यवतमाळात एक उत्तर ठरलेले असते. पाप त्यांचे, मग प्रायश्चित्त आम्ही का घ्यायचे? डवऱ्यामागे चालणाऱ्या माणसाने असा कोणता धूर सोडला? आणि बाहेरच्या बँका, बाहेरच्या संस्था आमच्या वावरात कशाला?

हा पूर्वपक्ष मी हलका मानत नाही. त्याचा पहिला भाग तर पूर्ण खरा आहे. भारतातला माणूस वर्षाकाठी सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला त्याच्या जवळपास सातपट. कोरडवाहू कापसावर जगणारा आपला शेतकरी या सरासरीच्याही खाली असणार. दोष कोणाचा, हा वाद संपलेला आहे. पण पाऊस दोष पाहून पडत नाही. 22 जुलै 2023 ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि माणसे वाचवायला हवाई दलाचे हेलिकॉप्टर बोलवावे लागले. त्या तांड्याने वातावरणाचे काय बिघडवले होते? काहीच नाही. म्हणूनच ज्यांनी बिघडवले त्यांचा पैसा आणि त्यांचे ज्ञान इथे आले पाहिजे. दार लावून घेतल्याने नुकसान आपलेच होते, त्यांचे नाही.

आता ‘बाहेरचे’ या शब्दाकडे वळू. यवतमाळच्या मातीत बाहेरचा हात आज आलेला नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला, ती गोष्ट 1861 नंतरची. पुढे ब्रिटिश कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर नॅरोगेज टाकली, ती आपली शकुंतला. 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेले इंजिन तिला 1994 पर्यंत ओढत होते. कापूस इथून गेला आणि कापड तिकडून आले. 2002 नंतर बीटी कापसाचे तंत्रज्ञानही तिकडूनच आले. युरियाच्या गोणीचेही तेच; ती देशात बनली तरी तिच्यासाठी लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा वाटा जहाजाने येतो. दीडशे वर्षे सीमा ओलांडून व्यवहार चालला तेव्हा कोणाला ‘बाहेरचे’ खटकले नाही. माती आणि पाणी राखायला कोणी हात पुढे केला की मात्र स्वाभिमान जागा होतो. हे मला पटत नाही.

‘तिकडचे तंत्र आपल्या काळ्या जमिनीत चालत नाही’ हा दुसरा आक्षेप. रुंद वरंबा-सरीकडे पाहा. आज कृषी खाते सोयाबीनसाठी जिचा आग्रह धरते, ती बीबीएफ पद्धत इक्रिसॅटमध्ये काळ्या जमिनीसाठीच विकसित झाली. हैदराबादजवळ पटानचेरूला 1972 साली उभी राहिलेली ही संस्था आंतरराष्ट्रीय, तिथले शास्त्रज्ञ अनेक देशांचे. वरंब्यावर पीक असते. जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि पावसाने दडी मारली की सरीतली ओल मुळांना पुरते. पाणी साचलेल्या जमिनीत नत्र खताचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू वजनाला वजन धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. म्हणजे पीक वाचवणारी सरी हवाही थोडी वाचवते. शेतकऱ्याला यासाठी वेगळा त्याग करावा लागत नाही.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर नेण्याचा प्रयत्न म्हणजे ‘पोकरा’, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. जागतिक बँकेने 2018 मध्ये त्यासाठी 42 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पहिल्या टप्प्यात 15 जिल्ह्यांतली सुमारे पाच हजार गावे होती आणि यवतमाळ त्यात होते. ठिबक, तुषार, शेततळे, फळबाग ही यादी सर्वांना पाठ आहे. माझ्या लेखी मोलाची गोष्ट निराळी: गावाचा पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, किती मुरला, किती वाहून गेला, पिकांना किती लागेल, हे गावात बसून मांडायचे आणि मग कामे ठरवायची. त्यासाठीची गणिताची चौकट आयआयटी मुंबईने तयार केली. पैसा बाहेरचा, गणित मुंबईचे आणि आकडे गावच्या नाल्याचे. सहकार्य म्हणतात ते हेच.

‘पण हे कर्ज आहे, दान नव्हे’, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. कर्ज व्याजासकट फेडावे लागते आणि ते आपल्याच करातून फिटते. खरे तर ही रक्कम अनुदान म्हणूनच मिळायला हवी होती, आणि ती मागणी सोडण्याचे कारण नाही. तरीही फरक पाहा. कर्जमाफीचा रुपया एका हंगामात संपतो, मुरलेले पाणी मात्र पुढच्या हंगामातही विहिरीत असते. शिवाय अशा कर्जासोबत हरितगृह वायूंचा हिशेब आधीच मांडावा लागतो. आपल्या स्वतःच्या किती योजनांना असा हिशेब विचारला जातो?

या प्रकल्पातला दोष मी लपवणार नाही. शेतकऱ्याचे अनुदान थेट त्याच्या खात्यात येते, पण आधी खर्च स्वतःच्या खिशातून करायचा असतो. ज्याच्या हाती हंगामाच्या तोंडी बियाण्याचेच पैसे नाहीत, तो ठिबक आधी विकत कसा घेईल? राळेगाव, झरी, मारेगावच्या कोलाम पोडावरचा माणूस या दारातून आत शिरणे अवघडच. दोष मोठा आहे. पण दार अरुंद असेल तर ते रुंद करायचे असते. घर पाडा म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

‘आमच्याकडे आमचे ज्ञान आहे’ हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. आहेच. याच जिल्ह्यातल्या सुभाष शर्मांना नैसर्गिक शेतीसाठी 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. पण एका वावरातले शहाणपण शेजारच्या वावरात आपोआप जात नाही. त्याला प्रशिक्षण लागते, खरेदीदार लागतो, प्रमाणपत्राचा खर्च लागतो. ‘चेतना ऑरगॅनिक’ 2004 साली सुरू झाली ती सॉलिडारिडाड आणि आयसीसीओ या डच संस्थांच्या पाठबळावर, आणि तिने विदर्भासोबत पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादच्या कापूस उत्पादकांनाही जोडले. रासायनिक खताविना पिकवलेला कापूस युरोपात कोणीतरी जास्त भावाने घेतो, म्हणून इथे कोणाला युरिया सोडणे परवडते.

पऱ्हाटीचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे आहे. वेचणी संपली की ढीग लावून काडी ओढली जाते. एकीकडे वणीच्या खाणींतून कोळसा निघतो, औष्णिक केंद्रांत जळतो, आणि दुसरीकडे जळण्याजोगा हजारो टन माल आपण वावरातच फुकट जाळतो. त्याच पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करता येतो, हे मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉमन फंड फॉर कमोडिटीजच्या मदतीने करून दाखवले. ती वाट आपल्या गावागावांत पोहोचली नाही. गोळा करून वाहून नेणारी यंत्रणा उभी राहिली नाही, हा पराभव आपला आहे, परक्यांचा नाही.

‘परका निधी आटला की काम बंद’ असेही म्हणतात. पुष्कळदा तसे होते. पण नगर जिल्ह्यात स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी लोकांसोबत पाणलोटाचे काम उभे केले, त्यातून जर्मन मदतीचा कार्यक्रम आला. अट अशी होती की गावाने श्रमदान करावे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी. त्या अनुभवाच्या आधारे नाबार्डने 1999 मध्ये स्वतःचा पाणलोट विकास निधी उभा केला. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजात विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत नाबार्डनेच पाणलोटाची कामे घेतली, त्यात यवतमाळही होते. जर्मन मार्क संपले, रीत मागे राहिली. जिथे गावाने अट स्वतःची मानली तिथे काम टिकले. जिथे ठेकेदाराने मानली तिथे फक्त फलक उरला.

पोकराचा दुसरा टप्पा 21 जिल्ह्यांचा आहे. तुमचे गाव त्यात असेल तर येत्या ग्रामसभेला जा. पाण्याचा ताळेबंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून मागा. ज्यांच्याकडे आधी भरायला पैसे नाहीत त्यांची यादी वाचून घ्या आणि त्यांच्यासाठी आगाऊ रकमेचा ठराव मांडा. यंदाची पऱ्हाटी पेटवण्याआधी ती कोण नेईल, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला त्याच सभेत विचारा.