विश्लेषण : निम्मी वीजक्षमता हरित, तरी दर चार युनिटांमागे तीन कोळशाचीच, असे का?

जून २०२५ अखेर भारताची स्थापित वीजक्षमता सुमारे ४ लाख ८४ हजार मेगावॉट होती आणि त्यातील निम्मी सौर, पवन, जल, जैव आणि अणुऊर्जेची होती. हे उद्दिष्ट २०३० चे होते. ते पाच वर्षे आधीच गाठल्याचे सरकारने जाहीर केले, त्याचे स्वागतही झाले. मात्र त्याच्या काही महिने आधी, २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाचे कोळसा उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या पुढे गेले होते. दोन्ही विक्रम खरे आहेत. ते एकाच वेळी कसे खरे असू शकतात, हे समजून घेतले तर देशाच्या ऊर्जाचित्रातली खरी अडचण कुठे आहे ते कळते.

पट वेगळा, हजेरी वेगळी

शाळेच्या पटावर शंभर मुले असली तरी रोज वर्गात शंभर बसतातच असे नाही. स्थापित क्षमता हा वीजकेंद्रांचा पट आहे आणि प्रत्यक्ष तयार झालेली युनिटे ही हजेरी. १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाच्या सरासरीने क्षमतेच्या साधारण २० टक्के वीज देतो, कारण रात्र असते, ढग असतात, सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरके असते. म्हणजे दिवसाला सुमारे ४ लाख ८० हजार युनिटे. तेवढ्याच क्षमतेचे कोळशावरील केंद्र ७० टक्के भाराने चालले तर १६ लाख ८० हजार युनिटे देते, साडेतीन पट. त्यामुळे क्षमतेत अर्धा वाटा मिळाला तरी देशाच्या वर्षाला सुमारे १,८०० अब्ज युनिटांच्या निर्मितीत कोळशाचा वाटा पाऊणाच्या आसपासच राहतो.

यात सरकारने आकडा फुगवला असे म्हणणे योग्य नाही. पॅरिस करारावेळी ४० टक्के आणि २०२२ मध्ये सुधारून ५० टक्के, ही दोन्ही उद्दिष्टे क्षमतेच्याच भाषेत दिलेली होती. पण उद्दिष्ट गाठल्यावरही तोच आकडा मिरवत राहणे मात्र दिशाभूल करणारे ठरते.

खरी परीक्षा सूर्यास्तानंतर

३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटवर पोहोचली. तो विक्रम दिवसाउजेडी झाला, म्हणून सौरऊर्जा मदतीला होती. संध्याकाळी सात वाजता तसे होत नाही. सौरनिर्मिती शून्यावर येते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. तासा-दोन तासांत ही पोकळी भरून काढावी लागते आणि आज ते काम मुख्यतः औष्णिक केंद्रे करतात.

पण औष्णिक संच हा काही घरातला दिवा नव्हे. थंड झालेला बाष्पक पुन्हा तापवून संच पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात. म्हणून दुपारी गरज नसली तरी तो बंद न करता किमान भारावर, सध्याच्या नियमांनुसार ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणून, चालू ठेवला जातो. कमी भारावर त्याची कार्यक्षमता घसरते आणि प्रत्येक युनिटामागे जास्त कोळसा जळतो. दुसरीकडे पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने राजस्थानात काही सौर प्रकल्पांना २०२५ मध्ये भर दुपारी निर्मिती कमी करावी लागली. दुपारी वीज नकोशी आणि रात्री हवीहवीशी, असा हा पेच. २०३१-३२ पर्यंत कोळशाच्या क्षमतेत आणखी किमान ८० हजार मेगावॉटची भर घालण्याचे नियोजन आहे, तेही मुख्यतः या रात्रीच्या भीतीपोटी.

मागणीच दिवसा आणली तर?

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय साठवणुकीचा नाही, वेळ बदलण्याचा आहे. महाराष्ट्रातला शेतकरी वर्षानुवर्षे रात्रीच्या विजेसाठी जागला. साप-विंचू, बिबट्यांचे भय सोसत अंधारात पाणी दिले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून १६ हजार मेगावॉटचे विकेंद्रित सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचे ठरले आहे. ही योजना साधारणपणे शेतकऱ्याची सोय म्हणून मांडली जाते. ती आहेच, पण वीजयंत्रणेच्या दृष्टीने पाहिले तर एक मोठा भार रात्रीतून उचलून उन्हात ठेवण्याचा तो कार्यक्रम आहे, आणि हवामानाच्या चर्चेत त्याचे नाव फारसे निघत नाही.

शहरातला संध्याकाळचा भार असा हलवता येत नाही. तिथे साठवणूक लागतेच. तिचा जुना, भरवशाचा प्रकार म्हणजे उदंचन. घाटघर प्रकल्पात वरचा जलाशय अकोले तालुक्यात आणि खालचा सह्याद्रीखाली शहापूर तालुक्यात चोंढे येथे आहे. वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे, टंचाईच्या वेळी तेच खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज मिळवायची. अशा प्रकल्पात १०० युनिटे खर्चून ७५ ते ८० परत मिळतात. सह्याद्रीच्या कड्यांवर अशा जागा आहेत. मात्र त्यातल्या अनेक जंगलात आहेत, हेही विसरता येत नाही.

उत्सर्जन घटले की वाढले?

उत्तर कशाने भागता त्यावर आहे. एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात भारत चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा. दरडोई पाहिले तर वर्षाला सुमारे दोन टन, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी. आणि जीडीपीच्या प्रमाणात पाहिले तर २००५ ते २०२० दरम्यान उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले. प्रत्येक जण आपल्या सोयीचा भाजक निवडतो. दरडोई वीजवापर २०२३-२४ मध्ये १,३९५ युनिटे होता, तो वाढणार आणि वाढायलाही हवा. मात्र कोळशाच्या प्रत्येक युनिटामागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाढीव युनिट दुपारचे आहे की रात्रीचे, यावर तो किलो ठरतो.

म्हणून पुढचे उद्दिष्ट मेगावॉटमध्ये नव्हे, सूर्यास्तानंतरच्या स्वच्छ युनिटांत ठरायला हवे. सुरुवात झाली आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सौर निविदांमध्ये प्रकल्पक्षमतेच्या किमान १० टक्के इतकी, दोन तासांची साठवणूक ठेवण्याची सूचना केली. १०० मेगावॉटच्या प्रकल्पाला हा हिशोब लावला तर रात्रीसाठी २० हजार युनिटे उरतात. तो प्रकल्प दिवसभरात बनवतो ४ लाख ८० हजार.