नसते उद्योग

मंडळी, आधी एक खुलासा करते, नाहीतर नातेवाइकांचे फोन सुरू होतील. मी बिअर पीत नाही आणि कुणाला प्या म्हणतही नाही. पण लेकाकडे ओरेगनला गेले असताना त्याने घरी बिअर करताना धान्य कसं धुतलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

(अमेरिकेत घरच्यापुरती बिअर करायला १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली. तेव्हा जिमी कार्टर अध्यक्ष होते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा भाचेमंडळींनी हुरळून जाऊ नये!)

तर कृती अशी. मोड आणून वाळवलेले सातू जाडसर भरडायचे आणि साधारण ६५-६७ अंशांच्या पाण्यात तासभर झाकून ठेवायचे. दाण्यातल्या पिठाची साखर होते. पण बराच गोडवा दाण्यांतच अडकून राहतो. तो गरम पाणी सोडून हळूहळू धुऊन काढायचा.

यासाठी बाजारात जाळी आणि फवारा बसवलेली चकचकीत स्टीलची भांडी मिळतात. लेकाने घेतल्या दोन प्लास्टिकच्या बादल्या. एकीच्या बुडाला ड्रिलने शेकडो बारीक भोकं पाडली, ती दुसरीत बसवली आणि बाहेरच्या बादलीला खाली तोटी लावली. झालं यंत्र! फवारा म्हणजे घरातली जुनी चाळणी. युक्ती त्याची नव्हे. चार्ली पपेझियन यांच्या १९८४ च्या पुस्तकामुळे ती घरोघरी पोचली. हे गृहस्थही आमच्यासारखेच शाळामास्तर होते, बरं का!

मी विचारलं, "अरे, भोकांतून गाळ नाही का जाणार?"

"बघ तर आई."

पहिलं पाणी गढूळच आलं. ते त्याने हलकेच परत वर ओतलं. असं चार-पाचदा केल्यावर मधाच्या रंगाची नितळ धार लागली. तेव्हा उमगलं, की भोकं फक्त टरफलं अडवतात. खरी गाळणी म्हणजे त्या टरफलांचाच थर! म्हणून भरड फार बारीक नको, नाहीतर लगदा बसून तोटी बंद. पाणीही ७५ अंशांच्या आसपासच हवं, उकळतं घातलं तर टरफलांचा तुरटपणा उतरतो. कुरडयांचा चीक गाळण्यात हयात गेलेल्या माझ्या सासूबाईंना हे एका नजरेत कळलं असतं.

स्टीलचं भांडंही हेच काम करतं, कदाचित जास्त नीट. त्याला नावं ठेवत नाही. पण विकतच्या भांड्याची तोटी अडली की माणूस दुकानदाराला फोन करतो. बादलीवाल्याला स्वतःच कारण शोधावं लागतं, आणि ते सापडतंही, कारण प्रत्येक भोक त्यानेच पाडलेलं असतं. माझ्या मते शिक्षण म्हणतात ते हेच.

हे मी आज म्हणतेय. १९८९ साली हाच मुलगा नववीत होता. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी यायचं, म्हणून त्याने तेलाच्या डब्याला भोकं पाडून, वाळू-कोळसा भरून गाळणी केली होती. सहामाही परीक्षा तोंडावर होती. "पुस्तकातली आकृती पाठ कर, नसते उद्योग कशाला?" असं म्हणून मी डबा उकिरड्यावर टाकला. मी, शिक्षिका!

त्या दिवशी बादलीपाशी बसून त्याला हे सांगितलं. तो हसला. म्हणाला, "आई, तो डबा कडेने गळतच होता."

गळत असेल. पण का गळतो, ते त्याला शोधू द्यायला हवं होतं.

यीस्ट घालण्याआधीचं ते गोड पाणी मात्र चमचाभर चाखलं. अगदी नाचणीच्या सत्त्वासारखं लागलं. असो. तुमच्या घरी कुणी डब्यांना भोकं पाडत असेल, तर ओरडण्याआधी जरा शेजारी जाऊन बसा. आणि तुम्ही फेकलेले डबे आठवत असतील, तर खाली जरूर लिहा.