किलोच्या भावात ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, आणि वर वाइंडिंगवाल्यालाच नावं ठेवायची!

परवा एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन. "अहो, आपल्याकडच्या वाइंडिंगवाल्यांना काही येत नाही हो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याच महिन्यात जळाला. आता बाहेरूनच मागवतो."

मी विचारलं, ऑर्डर देताना लिहून काय दिलं होतं? म्हणाले, "लिहायचं काय त्यात? रेशो सांगितला, किलोचा भाव ठरवला."

सगळी बोंब इथेच आहे. स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ दे.

व्हॉल्व्ह अँप्लिफायरचं वेड परत आलंय, आनंद आहे. पण छोटे सेट करून झाले की माणूस ८४५ नाहीतर २११ या मोठ्या व्हॉल्व्हकडे वळतो. यांना हजार व्होल्टच्या आसपास सप्लाय लागतो. ८४५ ला लोड साधारण १०,००० ओहम, स्पीकर ८ ओहमचा. प्रमाण १२५०, त्याचं वर्गमूळ ३५. म्हणजे वेढ्यांचा रेशो ३५. लगेच आमचे हुशार लोक म्हणतात, २३० चे ६ व्होल्ट करणारा साधा ट्रान्सफॉर्मर लावा की, रेशो ३८ येतो, काम तेच!

काम तेच नाही. का, ते ऐका.

एक. सिंगल-एंडेड सर्किटमध्ये प्रायमरीतून ७०-८० मिलिअँपिअर डीसी सतत वाहत असतो. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ई आणि आय पट्ट्या आलटून-पालटून घातलेल्या असतात, मध्ये फट नसते. तो कोअर डीसीनेच सॅच्युरेट होतो आणि खर्ज जातो. इथे सगळे ई एकीकडे, आय दुसरीकडे आणि मध्ये मोजून गॅप लागते.

दोन. प्रायमरीवर सेकंडरी सरळ गुंडाळून टाकली तर लीकेज वाढतं, वरचे सूर मरतात. म्हणून दोन्हींचे भाग पाडून एकाआड एक भरावे लागतात. प्रत्येक सांध्यात इन्सुलेशन, तेही बेताचं. जाड केलं तर लीकेज वाढतं, पातळ केलं तर कपॅसिटन्स वाढतो आणि फुटायची भीती. १९४७ मध्ये विल्यमसनने 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आपला अँप्लिफायर मांडला, तेव्हा ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा हेही सांगितलं होतं. उगाच नाही.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं. आवाज चढला की प्लेटवरचा व्होल्टेज सप्लायच्या जवळपास दुप्पट उसळतो. स्पीकरची वायर सुटलेली असताना आवाज वाढवला तर त्याहूनही वर. अशा मालाची परीक्षा आपण ५०० व्होल्टच्या मेगरने घेणार आणि म्हणणार, "ओके आहे."

इन्सुलेशन फुटलं आणि सेकंडरीचं एक टोक अर्थ केलेलं नसलं, तर हजार व्होल्ट थेट स्पीकरच्या उघड्या टर्मिनलवर येतात. तुमच्या दिवाणखान्यात, जिथे पोरं खेळतात तिथे. हा नुसता शौकाचा विषय उरत नाही, जिवाचा होतो.

आता सांगा, किलोच्या भावात यातलं काय येतं? तांबं येतं, पत्रा येतो. भाग पाडून भरायला लागलेला दिवस येत नाही, कागदाचा प्रत्येक थर येत नाही, नीट वॉर्निश मुरवणं येत नाही. तुम्ही शंभर रुपये घासाघीस करता, तो शंभर रुपयांचा कागद कमी घालतो. हिशोब मिटला.

"पण काही जण भंगारातलं स्टॅम्पिंग नवं म्हणून खपवतात, त्याचं काय?" खपवतात, खरं आहे, आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. पण तपासतो कोण? चांगल्या कारागिराला आपला माल चांगला आहे हे सिद्ध करायची सोय नाही, म्हणून दोघांना भाव एकच. यात नुकसान प्रामाणिक माणसाचं.

म्हणून मागणी साधी आहे. आयटीआय आणि सरकारी पॉलिटेक्निक आपल्या पैशावर चालतात. तिथे हाय-व्होल्टेज टेस्टर असेल तर महिन्यातून एक दिवस माफक फी घेऊन गावातल्या वाइंडिंगवाल्यांना खुला करा. नसेल तर आधी तो घ्या, कौशल्य विकासाचे फ्लेक्स नंतर लावा. पोरांनाही खरं काम बघायला मिळेल. सीआरजीओ पत्रा आपल्या नाशिक जिल्ह्यात बनतो, गुंडाळणारे हात इथेच आहेत. कमी आहे ती तपासणीची आणि आपल्या दानतीची.

तोवर आपण एवढं करू. ऑर्डर कागदावर द्या: सप्लाय किती व्होल्ट, डीसी किती, लोड किती, स्पीकर किती ओहम, किती व्होल्टला टेस्ट हवी. भाव किलोचा नाही, कामाचा विचारा. आणि सेकंडरी अर्थ केल्याशिवाय स्विच दाबू नका.

एवढं करूनही जळाला, तर खुशाल नावं ठेवा. मीही येतो तुमच्याबरोबर भांडायला.