चेहरा बदला, पण नाव तरी बरोबर टाका!

दिवाळीत गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्यावर एका लॉजचा फ्लेक्स लागला होता. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी साडीतली मुलगी. चित्र ओळखीचं, चेहरा मात्र आजच्या एका हिरॉईनचा. खाली ओळ : 'राजा रविवर्मा स्टाईल'.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस भांडण. एक म्हणे संस्कृतीचा अपमान, दुसरा म्हणे जाहिरात आहे, सोडा. खरी चूक कुणालाच दिसली नाही.

हे चित्र रविवर्म्यांचं नाहीच. ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं. जलरंगात केलेलं. दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची स्वतःची मुलगी गीता. चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. गीताबाई उपळेकर २०१८ साली कोल्हापुरात वयाच्या १०२व्या वर्षी वारल्या. रविवर्मा गेले १९०६ साली, म्हणजे गीताबाईंच्या जन्माच्याही आधी!

चेहरा बदलण्याला माझी हरकत नाही. खुद्द रविवर्म्यांनी जिवंत बायका समोर बसवून देव्या रंगवल्या. २०२० मध्ये छायाचित्रकार जी. वेंकट राम यांनी समंथा, श्रुती हासन, रम्या कृष्णन यांना घेऊन रविवर्म्यांची चित्रं कॅलेंडरसाठी पुन्हा उभी केली. पुष्पमाला एन. तर स्वतःच रविवर्म्यांची लक्ष्मी होऊन कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पण मूळ चित्र कुणाचं, हे या दोघांनीही लपवलं नाही. म्हणून तर बघणारा जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघतो. त्यातच गंमत आहे.

आता मोबाईलवर दोन मिनिटांत कुणाचाही चेहरा कुठेही बसतो. त्यात मूळ नाव गळलं, की चित्रकार दुसऱ्यांदा मरतो. हळदणकरांचं हे अनेक वर्षं चाललंय, आणि तेही त्यांच्याच कोकणात.

कबूल करतो, या पापात मीही आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी दिवाळी पुरवणीत हेच चित्र मी रविवर्म्यांच्या नावाने छापलं होतं. एकाही वाचकाचा फोन आला नाही. तेव्हा बरं वाटलं होतं. आज वाईट वाटतं.

लॉजवाल्या भाऊंना भेटलो. म्हणाले, "अहो, गुगलवर तसंच होतं." फ्लेक्स काढू नका म्हटलं, फक्त नाव बदला. दुसऱ्या दिवशी पांढरी पट्टी चिकटवून वर 'मूळ चित्र : हळदणकर' लिहिलेलं दिसलं.

तुमच्या गावात असा फ्लेक्स दिसला तर फाडू नका. नाव तेवढं विचारा.