रुग्णाच्या खोलीपर्यंत एक तार

घर बांधताना किंवा रंगकाम काढताना आपण पंखा, गिझर, एसी यांच्या वायरिंगचा विचार करतो. इंटरनेटचा राउटर मात्र बसवायला आलेला माणूस सोयीने जिथे लावेल तिथेच, बहुधा हॉलमध्ये टीव्हीशेजारी, वर्षानुवर्षे राहतो. घरातले आजारी किंवा वयस्कर माणूस असते आतल्या खोलीत. डॉक्टरांचा सल्ला व्हिडिओवरून मिळू लागल्यापासून हे अंतर आरोग्याचा प्रश्न झाले आहे.

२५ मार्च २०२० रोजी देशात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यांनुसार काही औषधे पहिल्याच सल्ल्यात लिहून द्यायची तर तो सल्ला व्हिडिओवर व्हावा लागतो; नुसते फोनवर बोलून चालत नाही. यामागे कारण आहे. डॉक्टरला धाप, पायाची सूज, जखमेचा रंग डोळ्यांनी पाहायचा असतो. आवाज तुटत असेल तर ‘दीड गोळी’ आणि ‘अर्धी गोळी’ यांत गफलत व्हायला वेळ लागत नाही. मग नातेवाईक रुग्णाला हात धरून हॉलमध्ये आणतात. पण धाप लागणाऱ्या माणसाला चालवत आणले, की विश्रांतीत त्याचा श्वास कसा चालतो हे कळायचे राहूनच जाते.

वायफायच्या रेडिओलहरी विटा, काँक्रीट, सळया, आरसे, लोखंडी कपाट यांतून जाताना क्षीण होतात. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमते. २.४ गिगाहर्ट्झची दूर पोचते, पण इमारतीत शेजाऱ्यांच्या राउटरांची तिथे गर्दी असते. यावर बाजारात रिपीटर मिळतो. तो हवेतून ऐकतो आणि हवेतूनच पुन्हा बोलतो. साध्या रिपीटरमध्ये त्यापायी वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय त्याला स्वतःलाच सिग्नल नीट मिळत नसेल, तर तो पुढे काय देणार?

खात्रीचा उपाय जुनाच आहे: तार. मुख्य राउटरपासून लागेल त्या खोल्यांपर्यंत कॅट-६ केबल न्यायची आणि तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट बसवायचा. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. घराला तेवढी पुरून उरते. सर्व ठिकाणी नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, तर माणूस या खोलीतून त्या खोलीत गेला की बहुतेक फोन आपोआप जवळचा पॉइंट धरतात. २.४ गिगाहर्ट्झसाठी शेजारशेजारच्या पॉइंटना १, ६ आणि ११ यांपैकी वेगवेगळे चॅनल द्यावेत. घरातला जुना राउटरही या कामी येऊ शकतो. फक्त त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ निवडावा. नाहीतर दोन्ही राउटर मालकी सांगू लागतात आणि गोंधळ होतो. मुख्य राउटर, इंटरनेटचा डबा आणि पॉइंट यांना छोटा यूपीएस असावा. वीज काही आजारपण पाहून जात नाही.

केबल जमिनीवरून मात्र नेऊ नये. वयस्कर माणसे घरातल्या घरात पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि पुढचे आयुष्य पलंगाला खिळते. त्यासाठी पायात अडकलेली एक वायर पुरते. ती भिंतीच्या कडेने, पट्टीत बसवून न्यावी. विजेच्या वायरच्या पाइपातूनही ओढू नये. तिचा पाइप वेगळा हवा.

‘पलंगाजवळ वायफाय म्हणजे किरणोत्सर्ग’ ही भीती आम्हाला नेहमी ऐकू येते. या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत. पेशींतील रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-बी गटात टाकले, हे खरे. पण पुरावा मर्यादित आहे, एवढाच त्या गटाचा अर्थ. कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. अंतर दुप्पट केले की लहरींची तीव्रता साधारण चौथाई होते. तरीही मनाला शंका वाटत असेल तर पॉइंट उशाशी न ठेवता छताजवळ लावावा. तिथून सिग्नलही चांगला पसरतो. झोपेचा खरा शत्रू वेगळाच आहे: रात्री बारापर्यंत हातात राहणारा मोबाइल. मुलांच्या खोलीत पॉइंट बसवला, तर फोन रात्री बाहेर ठेवण्याचा नियमही सोबतच बसवावा.

हा खर्च सर्वांना झेपणारा नाही, आणि एका खोलीच्या घरात त्याची गरजही नाही. मोठ्या घरातही सगळ्या खोल्यांत एकदम तार नेण्याचा हट्ट नको. एकच न्यायची असेल, तर टीव्हीच्या आधी रुग्णाच्या खोलीत न्यावी. आणि छातीत कळ, अचानक वाकडे झालेले तोंड किंवा बेशुद्धी असेल, तर नेटवर्क कितीही उत्तम असले तरी व्हिडिओ लावत बसू नये; १०८ ला फोन करावा.

नवे घर बांधणाऱ्यांनी तर आजच ठेकेदाराला सांगावे, की प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीत टाकून ठेव. तार नंतर ओढता येते. भिंत पुन्हा फोडायची वेळ नेमकी घरात आजारपण असतानाच येऊ नये.